नथीपासून पापणीपर्यंत : वधूचे व्यक्तिचित्र आणि फास्ट लेन्स

महाराष्ट्रातील विवाहाच्या छायाचित्रणात वधूच्या एकटीच्या चित्राला, म्हणजे तिच्या व्यक्तिचित्राला, आज स्वतंत्र स्थान मिळाले असून या कामासाठी ८५ मिलीमीटर नाभीय अंतराची आणि एफ/१.४ किंवा एफ/१.८ इतके मोठे छिद्र असलेली लेन्स व्यावसायिकांना विशेष प्रिय आहे. छायाचित्रकार तिला फास्ट पोर्ट्रेट लेन्स म्हणतात. मोठ्या छिद्रातून पुष्कळ प्रकाश आत येत असल्याने शटर फार थोडा वेळ उघडावे लागते, म्हणून ती फास्ट. ही लेन्स घेतली की तिचे छिद्र सदैव पूर्ण उघडे ठेवावे आणि चेहरा जितका जवळून टिपावा तितकी पार्श्वभूमी सुंदर विरघळते, असा समज या व्यवसायात रूढ आहे. नथ, मुंडावळ्या, चंद्रकोर आणि खोप्यातील गजरा यांनी सजलेल्या वधूच्या बाबतीत मात्र प्रकाशशास्त्राचे साधे गणित जवळजवळ उलट निष्कर्षाकडे नेते, आणि तो निष्कर्ष कसा निघतो हे समजून घेतल्यास महागड्या लेन्सचे खरे मोलही उलगडते.

छिद्राचे गणित

नाभीय अंतर म्हणजे अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा ज्या ठिकाणी स्पष्ट उमटते तिथपर्यंतचे, लेन्सच्या प्रकाशीय केंद्रापासूनचे अंतर होय. लेन्सवर लिहिलेला एफ-क्रमांक हा या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून मिळतो. म्हणून ८५ मिलीमीटरच्या लेन्सचा एफ-क्रमांक १.४ असेल तर तिच्या समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास सुमारे ६१ मिलीमीटर, एफ/१.८ असेल तर सुमारे ४७ मिलीमीटर आणि एफ/२.८ असेल तर सुमारे ३० मिलीमीटर भरतो. आत येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १.४, २, २.८, ४ या क्रमातील प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होत जातो. एफ/४ आणि एफ/१.४ यांच्यात अशा तीन पायऱ्या, म्हणजे आठपट प्रकाशाचा फरक आहे.

हा फरक प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो हे मंगल कार्यालयातील वधूच्या खोलीत कळते. एखाद्या खोलीत सुमारे २०० लक्स इतका, म्हणजे बेताचा घरगुती प्रकाश असेल आणि कॅमेऱ्याची आयएसओ संवेदनशीलता ४०० वर ठेवलेली असेल, तर एफ/१.४ वर सेकंदाच्या सुमारे १६०व्या भागात चित्र टिपता येते. एफ/४ वर त्याच चित्राला सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात वधूने मान किंचित जरी हलवली तरी चेहरा पुसट येतो. संवेदनशीलता ३२०० पर्यंत वाढवून हा तोटा भरून काढता येतो, पण तसे केल्यास चित्रात रवाळपणा वाढतो आणि शालूच्या जरीतील बारीक छटा कमी होतात. गोरज मुहूर्ताच्या उतरत्या उजेडात किंवा समईच्या प्रकाशात फ्लॅश न वापरता काम करायचे असेल, तर मोठ्या छिद्राला पर्याय राहत नाही.

व्हिएन्नापासूनचा प्रवास

मोठ्या छिद्राची गरज माणसाच्या चेहऱ्याने निर्माण केली, हे छायाचित्रणाच्या इतिहासाच्या आरंभापासूनच दिसते. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली तेव्हा उपलब्ध लेन्सचे छिद्र एफ/१५ च्या आसपास होते. इमारती आणि देखावे त्यातून उत्तम टिपले जात, परंतु माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० साली व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी चार भिंगांच्या रचनेची लेन्स गणिताने सिद्ध केली, त्यासाठीच्या प्रचंड आकडेमोडीत ऑस्ट्रियन तोफखान्यातील हिशेबात तरबेज असलेल्या सैनिकांची मदत झाली, आणि फोइख्टलेंडर यांच्या कारखान्यात ती प्रत्यक्ष घडवली गेली. तिचे छिद्र सुमारे एफ/३.६ होते, म्हणजे आधीच्या लेन्सपेक्षा ती पंधरापटीहून अधिक प्रकाश आत घेत असे, आणि त्यामुळे बसण्याचा काळ मिनिटांवरून सेकंदांवर येऊ शकला.

पेट्झवालच्या लेन्समध्ये चित्राचा मध्यभाग तेवढा लख्ख उमटत असे आणि कडा झपाट्याने मऊ होत जात. देखाव्याच्या चित्रात हा दोष ठरला असता. व्यक्तिचित्रात मात्र चेहरा मध्यावर ठेवला की कडांचा मऊपणा त्याला उठाव देऊ लागला, आणि चेहरा स्पष्ट व भोवताल धूसर ही आज परिचित झालेली दृश्यभाषा त्यातून रूढ होत गेली. १८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, हाती कॅमेरा घेतल्यावर हीच धूसरता जाणीवपूर्वक कलेचे साधन म्हणून वापरली. त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेवर तत्कालीन समीक्षकांनी टीका केली असली, तरी चेहऱ्यातील कोणता भाग स्पष्ट ठेवायचा हा निर्णय छायाचित्रकाराचा असतो, हे त्यांनी आपल्या कामातून ठसवले.

भारतातही ही कला लवकर रुजली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ मध्ये पडद्यातील स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ उघडला, जिथे स्त्रियांची छायाचित्रे एक स्त्रीच टिपत असे. व्यक्तिचित्रासाठी बसणाऱ्या स्त्रीचा संकोच दूर होणे हा तंत्राइतकाच महत्त्वाचा भाग आहे, याचे भान त्या व्यवस्थेत होते.

विसाव्या शतकात लुडविग बेर्टेले यांच्या १९२०च्या दशकातील एर्नोस्टार आणि १९३०च्या दशकातील झोनार या रचनांनी छिद्र एफ/२ च्याही पलीकडे नेले. अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली झाइस कंपनीत भिंगांवर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत विकसित केली, ती या संदर्भात निर्णायक ठरली, कारण लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो आणि हवेशी संपर्क असलेले असे दहा पृष्ठभाग असतील तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो, शिवाय त्यातील काही चित्रावर पांढरट झाक आणतो. लेपामुळे अनेक भिंगांच्या गुंतागुंतीच्या रचना व्यवहार्य झाल्या आणि कॅनन कंपनीने १९८९ साली आणलेल्या ८५ मिलीमीटर एफ/१.२ सारख्या ऑटोफोकस लेन्सपर्यंत वाट मोकळी झाली. प्रकाशाची ही श्रीमंती वजनात मोजावी लागते: एफ/१.८ ची ८५ मिलीमीटर लेन्स बहुधा ४०० ग्रॅमच्या आसपास असते, तर एफ/१.२ ची लेन्स एक किलोच्या वर जाते, आणि पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत ती हातात धरायची असते.

चेहऱ्याचे प्रमाण अंतर ठरवते

८५ मिलीमीटर हा आकडा व्यक्तिचित्राशी का जोडला गेला, याचे उत्तर लेन्सपेक्षा ती लेन्स छायाचित्रकाराला जिथे उभे करते त्या जागेत आहे. चेहऱ्यावरील अवयवांचे परस्पर प्रमाण केवळ कॅमेऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते. नाकाचे टोक आणि कान यांच्या खोलीत साधारण १२ सेंटिमीटरचा फरक धरला, तर कॅमेरा नाकापासून ५० सेंटिमीटरवर असताना नाक कानाच्या तुलनेत सुमारे २४ टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला की ही वाढ ६ टक्क्यांवर येते आणि चेहरा जसा समोरासमोरच्या संभाषणात दिसतो तसा दिसू लागतो. मोबाइल फोनच्या रुंद लेन्सने जवळून काढलेल्या चित्रात नथ आणि नाक अवाजवी मोठे व खोपा लहान का दिसतो, याचे कारण हेच आहे. पूर्ण आकाराच्या, म्हणजे २४ गुणिले ३६ मिलीमीटरच्या सेन्सरवर ८५ मिलीमीटरची लेन्स दोन मीटरवरून सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच एवढी चौकट भरते, म्हणजे खोप्यापासून कमरेच्या वरपर्यंतचा भाग व्यवस्थित बसतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हेच काम ५० किंवा ५६ मिलीमीटरची लेन्स करते, त्यामुळे तालुक्याच्या गावी पहिला कॅमेरा घेऊन व्यवसायात उतरणाऱ्या तरुणालाही ५० मिलीमीटर एफ/१.८ सारख्या स्वस्त लेन्सने उत्तम वधूचित्र काढता येते.

स्पष्टतेची खोली आणि नथ

लेन्स ज्या अंतरावर केंद्रित केली आहे त्याच्या थोडे पुढे आणि थोडे मागे असलेले भागही डोळ्याला स्पष्टच भासतात. या पट्ट्याच्या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्टतेची खोली, असे म्हणतात. छिद्र जितके मोठे आणि वधू जितकी जवळ तितका हा पट्टा पातळ होतो, आणि अंतराचा परिणाम त्याच्या वर्गाच्या प्रमाणात होत असल्याने तो छिद्रापेक्षाही तीव्र असतो. मध्यम आकाराच्या छपाईसाठी रूढ असलेल्या निकषाने हिशेब केला, तर ८५ मिलीमीटरच्या लेन्सने एफ/१.४ वर दोन मीटर अंतरावरून मिळणारी खोली सुमारे साडेचार सेंटिमीटर असते, आणि १.२ मीटर अंतरावरून ती जेमतेम दीड सेंटिमीटर उरते. व्यवसायात करिझ्मा अल्बम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या अल्बममध्ये एकच चित्र दोन पानांवर पसरते तेव्हा हा निकष आणखी कठोर करावा लागतो.

दागिने नसलेल्या चेहऱ्याला दीड सेंटिमीटरची खोली एखादे वेळी पुरते, कारण दोन्ही डोळे एका पातळीत असले की पाहणाऱ्याचे समाधान होते. महाराष्ट्रीय वधूच्या चेहऱ्यावर मात्र पाहण्याजोग्या गोष्टी खोलीत अनेक थरांवर मांडलेल्या असतात. डाव्या नाकपुडीतील नथ डोळ्यांच्या पातळीपेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर पुढे असते, कपाळावरील चंद्रकोर डोळ्यांच्या किंचित पुढे, मुंडावळ्यांच्या लडी गालांच्या बाजूंनी त्यांच्या मागे आणि खोप्यावरचा गजरा त्याहून बराच मागे असतो. १.२ मीटरवरून एफ/१.४ वर डोळा स्पष्ट टिपला की नथीचे मोती विरघळून पांढरे ठिपके होतात, आणि नथ स्पष्ट टिपली की पापण्या हरवतात. घराण्यातून चालत आलेली किंवा सासरच्या माणसांनी हौसेने घडवलेली नथ चित्रात ओळखूही येऊ नये, हा वधूवर आणि ती नथ देणाऱ्यांवर अन्याय आहे.

यावर पहिला उपाय छिद्र लहान करण्याचा. १.२ मीटरवर एफ/४ ठेवल्यास खोली पुन्हा साडेचार सेंटिमीटर होते आणि एफ/५.६ ठेवल्यास सहा सेंटिमीटरच्या पुढे जाते, ज्यात डोळे, नथ आणि चंद्रकोर हे तिन्ही सामावतात. दुसरा उपाय प्रकाशाच्या थेंबाचीही किंमत न घेणारा आहे, तो म्हणजे चेहऱ्याचा कोन बदलणे. चेहरा सरळ समोर असताना नथ आणि डावा डोळा यांच्यात असलेला अडीच सेंटिमीटरचा फरक, वधूने मान आपल्या उजवीकडे सुमारे ४५ अंशांत वळवून डावा गाल कॅमेऱ्याकडे आणला की, एक सेंटिमीटरच्याही आत येतो, कारण आता डोळा पुढे सरकतो आणि नाक बाजूला जाते. याची किंमत उजवा डोळा मोजतो: तो डाव्या डोळ्यापेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक मागे जातो आणि मोठ्या छिद्रावर धूसर होतो. म्हणून अशा तीन-चतुर्थांश वळणाच्या चित्रात कॅमेऱ्याकडचा डोळा आणि नथ यांची जोडी स्पष्ट ठेवायची, दूरच्या डोळ्याला मऊ होऊ द्यायचे, हा निर्णय शटर दाबण्याआधी पक्का व्हावा लागतो.

गौरीहराची बैठक

महाराष्ट्रातील अनेक समाजांत वधू विवाहविधीपूर्वी पाटावर बसून गौरीहराची पूजा करते, तिने पिवळी अष्टपुत्री नेसलेली असते, आणि पुढे मामा तिला मंडपात घेऊन जातो. दिवसभराच्या धावपळीत वधू एका जागी शांत बसलेली असते असा हा विरळा काळ असल्याने छायाचित्रकार त्याची वाट पाहतात; परंतु या बैठकीचा लाभ शांततेपुरता नाही, तिच्या मागे एक भूमिती आहे. नथ डोळ्यांच्या सुमारे अडीच सेंटिमीटर पुढे असली तरी ती त्यांच्या सुमारे चार सेंटिमीटर खालीही असते, आणि मान खाली झुकली की खालचे अवयव कॅमेऱ्यापासून मागे सरतात. मान सुमारे ३० अंशांनी झुकली की या दोन गोष्टी परस्परांना जवळजवळ पूर्ण छेद देतात. पूजेत नजर खाली लावून बसलेल्या वधूच्या दोन्ही पापण्या आणि नथ त्यामुळे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात, आणि पातळ स्पष्टतेच्या पट्ट्यातही एकत्र मावतात.

हे घडण्यासाठी कॅमेरा वधूच्या चेहऱ्याच्या उंचीवर असावा लागतो. ती पाटावर बसलेली असल्याने छायाचित्रकारालाही मांडी घालून किंवा गुडघ्यावर बसावे लागते. उभ्याने खाली पाहून चित्र घेतल्यास झुकलेल्या मानेत कॅमेऱ्याचा कोन मिळवला जातो, नथ डोळ्यांच्या मागे पडते आणि कपाळ, मुंडावळ्यांची गाठ व भांग एवढेच ठळक दिसतात. झुकलेल्या मानेमुळे चंद्रकोर मात्र डोळ्यांच्या सुमारे अडीच सेंटिमीटर पुढे येते, म्हणून दोन मीटरवरून एफ/१.४ ऐवजी एफ/२.८ ठेवणे हितकारक ठरते, कारण तिथे नऊ सेंटिमीटरची खोली मिळून चंद्रकोरीपासून नथीपर्यंतचा सारा चेहरा स्पष्ट येतो आणि मागची माणसे तरीही धूसरच राहतात.

विरघळलेल्या पार्श्वभूमीचे मोजमाप

छिद्र लहान केल्यावर पार्श्वभूमीची मोहक धूसरता नाहीशी होईल ही भीती साहजिक असली तरी गणित तिला फारसा आधार देत नाही. पार्श्वभूमीतील प्रकाशाचा एखादा ठिपका चित्रात चकतीच्या रूपाने पसरतो, आणि तो ठिपका अतिदूर असेल तर त्या चकतीचा आकार, वधूच्या चेहऱ्याच्या मापाने मोजला असता, लेन्सच्या छिद्राच्या व्यासाइतकाच भरतो. म्हणजे ८५ मिलीमीटर एफ/१.४ ने टिपलेल्या चित्रात दूरच्या रोषणाईचा प्रत्येक दिवा सुमारे सहा सेंटिमीटरची, वधूच्या दोन बुबुळांमधील अंतराएवढी चकती होऊन उमटतो. पार्श्वभूमी जवळ असेल तर चकती त्या प्रमाणात आकसते: वधू कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि भिंत तिच्यामागे आणखी दोन मीटरवर असेल, तर चकती निम्मीच राहते. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, धूसरता छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असल्याने १३५ मिलीमीटर एफ/२ ही लेन्स ६७ मिलीमीटरच्या व्यासामुळे ८५ मिलीमीटर एफ/१.४ पेक्षाही पार्श्वभूमी अधिक विरघळवते. दोन, वधूला भिंतीपासून चार पावले पुढे आणणे हा उपाय नवी लेन्स विकत घेण्याइतकाच परिणामकारक असतो.

आता दोन प्रकारच्या चित्रांची तुलना करता येते. दोन मीटरवरून एफ/२.८ वर टिपलेल्या अर्धाकृती चित्रात, पार्श्वभूमी वधूच्या मागे चार मीटरवर असल्यास, धूसर चकती सुमारे दोन सेंटिमीटरची, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या जवळपास चार टक्के असते. शालूच्या निऱ्यांपासून खोप्यापर्यंतच्या पूर्णाकृती चित्रासाठी छायाचित्रकाराला पाच मीटर मागे जावे लागते, आणि तिथून एफ/१.४ वर, मागची कमान वधूपासून पाच मीटरवर असली तरी, चकती चौकटीच्या रुंदीच्या दोन टक्क्यांच्या आसपासच भरते. त्याच वेळी या पूर्णाकृती चित्रात स्पष्टतेची खोली सुमारे २८ सेंटिमीटर असते, म्हणजे नथ, डोळे, मुंडावळ्या, वज्रटीक, बाजूबंद आणि पैठणीच्या पदरावरचे मोर हे सारे बिनधोक स्पष्ट येतात. जवळच्या चित्रात छिद्र लहान करूनही पुरेशी धूसरता उरते, आणि दूरच्या चित्रात छिद्र पूर्ण उघडूनही पुरेशी स्पष्टता मिळते. म्हणून पूर्ण उघड्या छिद्राची खरी जागा दूरवरून टिपलेले पूर्णाकृती चित्र ही आहे. गजबजलेल्या कार्यालयात खुर्च्यांच्या रांगा, स्टेजवरचे स्पीकर आणि भिंतीवरचे फलक यांच्यातून वधूची आकृती वेगळी काढण्याचे काम मोठ्या छिद्राशिवाय दुसरे कोणतेही साधन इतक्या सहज करत नाही.

धूसरतेच्या गुणवत्तेला, म्हणजे चकत्या मऊ आहेत की कडक कडांच्या आहेत याला, जपानी भाषेतून आलेल्या बोके या संज्ञेने ओळखले जाते. चौकटीच्या कडेला या चकत्या गोल न राहता बदामाच्या आकाराच्या होतात, कारण तिरप्या किरणांचा काही भाग लेन्सच्या नळीनेच अडवला जातो. एक-दोन पायऱ्यांनी छिद्र लहान केले की त्या पुन्हा गोल होऊ लागतात. पूर्ण उघड्या छिद्राचा आणखी एक दोष दागिन्यांवर हटकून दिसतो: वेगवेगळ्या रंगांचे किरण किंचित वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येत असल्याने, फोकसच्या पुढे असलेल्या चमकत्या कडांना जांभळट आणि मागे असलेल्या कडांना हिरवट किनार येते. नथीचे मोती, तोड्यांवरील कोरीव काम आणि जरीचे काठ यांवर ही किनार सोन्याचा रंगच बिघडवते, आणि एफ/२.८ च्या आसपास ती बव्हंशी नाहीशी होते.

फोकस चुकतो कसा

पातळ पट्ट्यात काम करताना फोकसची शिस्त वेगळी लागते. मधल्या बिंदूवर डोळा धरून फोकस करायचा आणि मग कॅमेरा वळवून हवी ती चौकट साधायची, ही जुनी सवय मोठ्या छिद्रावर घातक ठरते, कारण कॅमेरा वळला की स्पष्टतेची पातळीही त्याच्यासोबत वळते. दीड मीटरवर कॅमेरा १५ अंशांनी वळवल्यास ही पातळी डोळ्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे जाते, तर एफ/१.४ वर तिथे उपलब्ध खोली अडीच सेंटिमीटरच असते. परिणामी डोळ्याऐवजी कान आणि कर्णफुले स्पष्ट येतात. म्हणून फोकसचा बिंदूच डोळ्यावर नेणे किंवा आधुनिक कॅमेऱ्यांतील डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसवर विसंबणे श्रेयस्कर असते. या यंत्रणेलाही मुंडावळ्यांच्या हलत्या लडी आणि डोळ्यांवर आलेला पदर फसवू शकतात. वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती वधूंच्या पांढऱ्या जाळीदार व्हेलच्या बाबतीत तर फोकस जाळीवरच अडकण्याचा धोका असतो. तिथे डोळ्यावर हाताने फोकस करून सलग काही चित्रे घेणे आणि ती जागीच मोठी करून तपासणे हाच खात्रीचा मार्ग होय. वधू आणि छायाचित्रकार दोघेही श्वास घेताना एक-दोन सेंटिमीटर पुढेमागे होत असतात, हेही या सलग चित्रांमागचे कारण आहे.

प्रकाश, रंग आणि वर्ण

मोठे छिद्र प्रकाशाची उणीव भरून काढते, पण वाईट प्रकाशाला चांगला करत नाही. कार्यालयाच्या छतावरून सरळ खाली पडणारा एलईडी दिवा डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नथीची सावली ओठांवर टाकतो. वधूला खिडकीपाशी किंवा दाराच्या उंबऱ्याजवळ आणून चेहरा उजेडाकडे तिरका केला आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची पांढरी शीट धरली की तोच चेहरा उजळ व सौम्य दिसू लागतो आणि डोळ्यांत प्रकाशाचा जिवंत ठिपका उमटतो. मांडवाचे रंगीत कापड आपला रंग चेहऱ्यावर सांडते, हळदीच्या पिवळ्या रंगात पिवळा बल्ब मिसळला की त्वचेच्या छटा एकमेकींत बुडून जातात, म्हणून मिश्र दिव्यांपैकी शक्य तितके विझवून एकाच जातीच्या प्रकाशात काम करणे आणि त्यानुसार व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्या रंगाचा संदर्भ, ठरवणे आवश्यक असते. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. मोठ्या छिद्रामुळे शटर फार वेगवान ठेवता आले तरी अशा दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात, तेव्हा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या जवळ थांबणे शहाणपणाचे. उलट भर उन्हात एफ/१.४ वर आयएसओ १०० ला सेकंदाच्या सुमारे १२,८०० व्या भागाइतके शटर लागते, जे पुष्कळ कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरच्या आवाक्याबाहेर असते. तिथे प्रकाश कमी करणारा राखाडी एनडी फिल्टर लावावा किंवा वधूला झाडाच्या सावलीत न्यावे.

वधूच्या वर्णाबाबत तंत्राइतकीच सचोटी लागते. प्रकाशमापक चौकटीतील सरासरी उजेड मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो, त्यामुळे पांढऱ्या गाऊनने किंवा फिकट शेल्याने चौकट भरली की चेहरा काळवंडतो, आणि गडद पार्श्वभूमीवर तो फाजील उजळून त्वचेचा तपशील पुसला जातो. म्हणून मापन चेहऱ्यावरूनच व्हायला हवे. पुढे संगणकावर चेहरा गोरा करण्याची प्रथा तर सर्वथा त्याज्य आहे. सावळ्या त्वचेवर खिडकीचा प्रकाश गालाच्या उंचवट्यावर जी चमक आणतो ती इतक्या बारकाईने टिपण्यासाठीच ही लेन्स घडवण्यात आली असून, ती चमक पुसून टाकणारे चित्र त्या वधूचे उरतच नाही.

निवडीची जबाबदारी

फास्ट लेन्स छायाचित्रकाराच्या हाती एक मोठा अधिकार देते, आणि तो अधिकार काय दिसावे हे ठरवण्याइतकाच काय दिसू नये हे ठरवण्याचाही आहे. चित्रात जे एकदा धूसर झाले ते कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने मूळ तपशिलासह परत येत नाही. अनोळखी गर्दी, वायरी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या विरघळल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. पण वधूच्या खांद्यामागे उभी असलेली आजी, तिचा हात धरून मंडपाकडे निघालेला मामा किंवा मागच्या भिंतीवरचे घराण्याचे देव हे विरघळले, तर काही वर्षांनी तो अल्बम उघडणाऱ्या मुलीला आपल्या आईच्या लग्नाबद्दल त्या पानातून थोडेच कळेल. म्हणून वधूच्या पूर्ण चित्रमालेत तीन प्रकारची चित्रे जाणीवपूर्वक असावीत: एफ/४ च्या आसपास टिपलेला, नथीपासून पापणीपर्यंत स्पष्ट असा जवळचा चेहरा, पूर्ण उघड्या छिद्राने गर्दीतून वेगळी काढलेली पूर्णाकृती, आणि एफ/५.६ किंवा त्याहून लहान छिद्राने टिपलेले, वधूबरोबर तिची माणसे आणि तिचे घरही ओळखू येईल असे चित्र. या तिन्हींसाठी लेन्स एकच पुरते, छिद्र मात्र प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याआधी ही नथ कोणाची, मागे उभे असलेले कोण, हे वधूला विचारून घेणे हा छायाचित्रकाराच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.